डिड आल्यावर

रात्री आठची बॅच, गोळीबार चौक.
खाली रेडिएटर दुरुस्तीचं दुकान, वर आमचा वर्ग.
कूलरचं गवत मागच्या वर्षीचंच,
वारा येतो तो ओल्या पोत्याचा वास घेऊन.

फळ्यावर लिहिते: ही वेन्ट.
खाली: ही डिड नॉट गो.
वेन्टचं काय झालं, सांगा?

कुणी बोलत नाही.
मग रेवाराम हेडाऊ, वय बावन्न,
मिहानहून दोन बस बदलून थेट आलेला,
अंगात अजून वॉचमनचा निळा शर्ट,
शाळेतल्यासारखं एक बोट वर करतो.

"गाठोडं उतरवलं ना मॅडम त्यानं.
डिडनं घेतलं डोक्यावर.
मंग गो मोकळा. लहान पोरावानी."

पंधरा वर्षं शिकवतेय मी हे.
सहाय्यकारी क्रियापद, मूळ रूप, तक्ता क्रमांक नऊ.
गाठोडं कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तरी चुका व्हायच्या त्या होतातच.
डिड यू वेन्ट, डिड ही केम, डिड यू सॉ,
दोघंही वाकलेले एकाच ओझ्याखाली.
एकदाच, मी ओरडते, भूतकाळ एकदाच!

नर्सिंगची प्राचिता ढोक म्हणते,
"आपल्यात तर 'गेला नाही' म्हणताना
तो आधी जाऊन येतो, मॅडम,
'नाही' मागून धावत जाऊन त्याला पकडते."
खरंच की.
इंग्रजीत नॉट आधीच दारात उभा,
गोला चप्पलसुद्धा घालू देत नाही.

तेवढ्यात लाइन जाते.
कूलर दोन गिरक्या घेऊन थांबतो.
"डिड द लाइन गो?" कुणीतरी विचारतं,
आणि आख्खा वर्ग, पहिल्यांदाच बिनचूक:
"यस, इट डिड!"

अंधारात सराव बरा होतो. तोंडं दिसत नाहीत.
रेवाराम गेटवरचे प्रश्न पुटपुटतो,
डिड यू साइन, सर?
डिड यू पार्क हिअर?
डिड समबडी कॉल यू?
मग आवाज खाली,
डिड यू सेल द लूम?

हा प्रश्न गेटवरचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्याची वही तपासते.
नकारार्थी पाच वाक्यं लिहा:
माय फादर डिड नॉट सेल द लूम.
माय फादर डिड नॉट ड्रिंक.
माय फादर डिड नॉट टेक लोन.
माय फादर डिड नॉट नो.
पाचव्या ओळीत नकार नाहीच,
नुसतं, आय सोल्ड.

लाल पेन हातात घेऊन बसले.
व्याकरण बरोबर होतं.
सूचनेप्रमाणे नव्हतं, म्हणून अर्धा मार्क कापायला हवा होता.
कापला नाही.

त्या आठवड्यात छोटी उत्तरं शिकवली.
यस, आय डिड. नो, आय डिडन्ट.
त्यानं पुन्हा बोट वर केलं.
"एवढंच? काय केलं ते सांगायचं नाही?"
"गरज नाही. विचारणाऱ्यानं आधीच म्हटलेलं असतं."
तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला.
"आमच्या गल्लीत, मॅडम,
विकला का, असं विचारते कोणी,
तर तोंडानं म्हणावंच लागते, विकला.
आठ वर्षांपासून म्हणून राहिलो."

काल तो उशिरा आला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.
मी सहज विचारलं, डिड यू ईट, रेवारामजी?
तो थांबला. ओठांत जुळवलं.
"नो मॅडम. आय डिड नॉट ईट."

वर्गानं टाळ्या वाजवल्या.
त्यानं पिशवीतून स्टीलचा डबा काढून बाकावर ठेवला,
झाकणावर दोन बोटं टेकली.
सकाळपासूनचं ईट होतं आत,
मूळ रूपात,
ना हात लागलेला, ना काळ.

"तुम्ही बी घ्या," तो म्हणाला,
"भाजी आंबली नसन तर."